अँड्र्यू पेंटर: १.५६ खरे की ५.४०?

लेकवुडकर

फिलाडेल्फिया फिलीज या मेजर लीग बेसबॉल संघाचा उजव्या हाताचा तरुण पिचर (चेंडू टाकणारा) अँड्र्यू पेंटर याच्याबद्दल न्यू जर्सीतल्या आम्हा बेसबॉलवेड्या मराठी मंडळींत सध्या दोनच मते ऐकू येतात. २०२२ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, एकाच हंगामात मायनर लीगच्या (मेजर लीगखालच्या स्पर्धांच्या) तीन पायऱ्या चढताना त्याने १०३⅔ इनिंगमध्ये (इनिंग म्हणजे तीन जण बाद होईपर्यंतचा डाव) १५५ फलंदाजांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) केले, अवघे २५ वॉक (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळणारा बेस) दिले आणि त्याचा ई.आर.ए., म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्याच्या खात्यावर पडलेल्या धावा, १.५६ राहिला. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर २०२५ मध्ये ट्रिपल-ए (मेजर लीगच्या लगेच खालची पायरी) स्तरावर, अ‍ॅलनटाउनच्या लीहाय व्हॅली संघाकडून शंभराहून अधिक इनिंग टाकताना हाच आकडा ५.४० वर गेला. पहिला आकडा पाहून ज्यांनी त्याला साय यंग या सर्वोत्तम पिचरच्या पुरस्काराचा भावी विजेता ठरवले होते, तेच दुसरा आकडा पाहून त्याला निकालात काढत आहेत. २०२५ चा हंगाम संपला आहे आणि संघाला त्याच्याविषयी निर्णय घ्यायचे आहेत, तेव्हा हा विषय एकदा नीट मांडावा म्हणून हा धागा काढत आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पेंटरचा जन्म एप्रिल २००३ चा, उंची सहा फूट सात इंच. फ्लोरिडातल्या शाळेतून थेट २०२१ च्या ड्राफ्टमध्ये (नवोदितांच्या वार्षिक निवडीत) तेराव्या क्रमांकावर फिलीजने त्याला घेतले आणि ३९ लाख डॉलर देऊन करारबद्ध केले. शाळेतून येणारा उजव्या हाताचा पिचर हा ड्राफ्टमधला सर्वांत जोखमीचा माल समजला जातो, कारण शरीर अजून भरायचे असते, टाकलेल्या इनिंग थोड्या असतात आणि समोर खेळलेली पोरे सामान्य असतात. तरीही खालच्या ए स्तरावर क्लिअरवॉटरमध्ये ३८⅔ इनिंगमध्ये ६९ स्ट्राइकआउट, मग आमच्या लेकवुडच्या जर्सी शोअर संघाकडून ०.९८ चा ई.आर.ए., आणि शेवटी डबल-ए रेडिंगमध्ये २८⅓ इनिंगमध्ये ३७ स्ट्राइकआउट व फक्त दोन वॉक, अशी त्याची चढण झाली. २०२३ च्या हंगामापूर्वीच्या वसंत शिबिरात तो मेजर लीग संघाच्या पाचव्या पिचरच्या जागेसाठी स्पर्धेत होता. मार्चमध्ये कोपराचा अस्थिबंध दुखावला, विश्रांतीने भागले नाही, आणि जुलैमध्ये टॉमी जॉन शस्त्रक्रिया (कोपराचा अस्थिबंध बदलण्याची) झाली. ते वर्ष आणि २०२४ चा नियमित हंगाम असे दोन्ही वाया गेले. २०२४ च्या शरद ऋतूत अ‍ॅरिझोना फॉल लीग या होतकरू खेळाडूंच्या स्पर्धेत तो परतला आणि तिथला सर्वोत्तम पिचर ठरला, त्यामुळे २०२५ च्या जुलैच्या सुमारास तो फिलाडेल्फियात दिसेल असे संघव्यवस्थापनच बोलून गेले. जुलै आला आणि गेला, ऑगस्ट व सप्टेंबरही गेले, पण पेंटर अ‍ॅलनटाउनमध्येच राहिला.

माझे म्हणणे असे की दोन्ही वेळा लोकांनी चुकीच्या आकड्याकडे पाहिले. मायनर लीगच्या ई.आर.ए.वरून पिचर ठरवणे म्हणजे वरचा थर पाहून हापूसची पेटी घेणे. विशीच्या आसपासच्या पिचरचे मूल्यमापन करताना फास्टबॉल कसा आहे, तो हवा तिथे टाकता येतो का, आणि त्याच्या जोडीला फलंदाजाला फसवणारा दुसरा चेंडू कोणता, या तीन गोष्टी पाहाव्यात, आणि त्याही याच क्रमाने. बाकी सारे त्यानंतर.

फास्टबॉलवर जरा सविस्तर लिहितो, कारण पेंटरचे सारे प्रकरण तिथेच अडले आहे. शस्त्रक्रियेनंतर वेग परत आला, याविषयी वाद नाही. तो ताशी ९५ मैलांच्या पुढे सहज टाकतो आणि कधी कधी त्याहून बराच वर जातो. पण आजच्या मेजर लीगमध्ये ९५ मैलांचा चेंडू ही प्रवेश फी झाली आहे. फलंदाजाला चकवतो तो चेंडूचा आकार. बोटांनी दिलेल्या उलट्या फिरकीमुळे चेंडूवर वरच्या दिशेने जोर लागतो आणि गुरुत्वाकर्षणाने जितका खाली यायला हवा तितका तो येत नाही, म्हणून फलंदाजाची बॅट त्याच्या खालून फिरते. हे घडण्यासाठी फिरकीचा आस नेमका असावा लागतो आणि तो हाताच्या कोनावर, मनगटावर, चेंडू कोणत्या क्षणी सुटतो यावर अवलंबून असतो. शस्त्रक्रियेनंतर नेमके हेच बदलते. शिवाय उंचीचा गैरसमज आहे. उंच पिचरचा चेंडू उंचावरून सुटतो, म्हणून तो तिरका खाली उतरत येतो, आणि उतरत येणारा चेंडू बॅटच्या वर जाणाऱ्या फटक्याला नेमका सापडतो. स्ट्राइक झोनच्या, म्हणजे ज्यातून गेलेला चेंडू स्ट्राइक धरतात त्या पट्ट्याच्या, वरच्या भागात चकवायचे तर चेंडू जितका सपाट येईल तितका बरा. उंच पिचर लांब पाऊल टाकून फलंदाजाच्या जवळ येऊन चेंडू सोडतो, त्यामुळे यातले काही नुकसान भरून निघते. २०२२ मध्ये पेंटरचे ते भरून निघत होते. २०२५ मध्ये त्याचा फास्टबॉल वारंवार झोनच्या मध्यावर येऊन थांबत होता, आणि ट्रिपल-एचे फलंदाज असे चेंडू सोडत नसतात.

निरीक्षकांच्या २० ते ८० च्या मापनपट्टीवर ५० म्हणजे मेजर लीगची सरासरी. २०२२ च्या अखेरीस मी त्याच्या फास्टबॉलला ७०, स्लायडरला (आडवा वळणारा चेंडू) ६० आणि नियंत्रणाला ६० दिले असते, आणि बहुतेक जाणकारांचे अंदाजही याच्या आसपास होते. आज फास्टबॉलला ५५, स्लायडरला ५५, कर्व्हबॉल (खाली वळणारा) व चेंजअपला (मुद्दाम हळू टाकलेला) ५० आणि चेंडू हव्या त्या जागी टाकण्याच्या क्षमतेला ४५ देईन. या बेरजेतून संघासाठी आळीपाळीने सामने सुरू करणाऱ्या पाच पिचरांपैकी तिसरा किंवा चौथा उभा राहतो. ती उतरण मोठी आहे, पण ५.४० या आकड्यात लोकांना जो निकामी पिचर दिसतो, तोही हा नव्हे.

आकडेमोड

उत्तम मांडणी. मात्र ई.आर.ए. बाजूला ठेवताना तुम्ही थोडे सैल सोडले आहे, असे मला वाटते. महिनाभराच्या कामगिरीत नशिबाचा वाटा मोठा असतो, हे मान्य. मैदानावर पडलेला चेंडू क्षेत्ररक्षकाच्या हातात जाईल की दोघांच्या मधून निसटेल, हे पिचरच्या हातात फारसे नसते. पण शंभरावर इनिंगनंतर स्ट्राइकआउट, वॉक आणि होमरन या तीन गोष्टींनाही नशीब म्हणता येत नाही, आणि पेंटरच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी २०२२ च्या तुलनेत चुकीच्या दिशेने सरकल्या आहेत. रेडिंगमध्ये २८ इनिंगमध्ये दोन वॉक देणारा मुलगा तो राहिलेला नाही.

दुसरी बाजूही लिहितो, नाहीतर एकांगी होईल. ट्रिपल-ए हा स्तर आता पिचरला पूर्वीपेक्षा अवघड झाला आहे. समोरचे फलंदाज बहुधा पंचविशीच्या पुढचे असतात, त्यांतले अनेक मेजर लीगमध्ये जाऊन आलेले असतात, आणि झोनबाहेर वळणाऱ्या स्लायडरला ते डबल-एच्या पोरांसारखे भुलत नाहीत. शिवाय यंत्राने स्ट्राइक ठरवण्याची पद्धत तिथे २०२३ पासून सर्व मैदानांवर आहे, आता ती अपील केल्यापुरती आहे. काठावरच्या चेंडूवर पंचाची कृपा मिळवून जगणाऱ्या पिचरला तिथे फटका बसतो. २०२६ पासून मेजर लीगमध्येही अपिलाची हीच पद्धत येत असल्याने हा अनुभव वाया जाणार नाही. आणि पेंटर या हंगामात बावीस वर्षांचा होता. त्याच्या वयाचे, विद्यापीठात शिकलेले पिचर नुकतेच ड्राफ्टमधून बाहेर पडून खालच्या पायरीवर उभे असतात. वय आणि स्तर एकमेकांशेजारी ठेवल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही.

तुम्ही दिलेल्या गुणांबद्दल माझा एकच आक्षेप आहे. तो स्ट्राइक टाकू शकतो, हवा तो स्ट्राइक टाकू शकत नाही, आणि या दोन गोष्टींना वेगवेगळे गुण द्यायला हवेत. पहिलीला मी ५० देईन, दुसरीला ४०.

साशंक

मी गेली अनेक वर्षे हेच पाहत आलो आहे, त्यामुळे थोडे थंड पाणी ओततो. अमेरिकेतल्या आकडेतज्ज्ञांमध्ये एक जुने वचन प्रसिद्ध आहे की 'पिचिंग प्रॉस्पेक्ट' (होतकरू पिचर) नावाची चीजच अस्तित्वात नाही. अतिशयोक्ती सोडली तर त्यात तथ्य आहे. १९९१ मध्ये न्यूयॉर्क यांकीजने ब्रायन टेलर या शाळकरी डावखुऱ्या पिचरला पहिल्या क्रमांकावर घेऊन १५.५ लाख डॉलर दिले. डिसेंबर १९९३ मध्ये एका मारामारीत त्याचा खांदा निखळला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. २०१३ मध्ये ह्यूस्टनने पहिल्या क्रमांकावर घेतलेला मार्क अपेल हा तर स्टॅनफर्डमध्ये तयार झालेला, म्हणजे कागदावर सुरक्षित. तो मेजर लीगमध्ये पोहोचला तो तिसाव्या वर्षी, २०२२ मध्ये, आणि तोही फिलीजकडूनच.

याच फिलीजने फेब्रुवारी २०१९ मध्ये आपला सर्वांत लाडका तरुण पिचर सिक्स्टो सांचेझ मायामीला देऊन जे. टी. रियलम्युटो हा कॅचर (पिचरचा चेंडू झेलणारा) घेतला, तेव्हा किती जणांनी छाती पिटली होती, ते आठवा. सांचेझ २०२० मध्ये सात सामने झकास खेळला आणि मग खांद्याच्या दुखण्यात पुढचे तीन हंगाम गेले. रियलम्युटो मात्र २०२२ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगच्या अंतिम मालिकेत) होम प्लेटमागे बसलेला होता. माझ्या मते पेंटरला २०२२ च्या अखेरीस किंवा निदान अ‍ॅरिझोनातल्या त्या तेजस्वी शरद ऋतूनंतर विकायला हवे होते. पिचरची किंमत शिगेला असते तेव्हाच त्याचे मूल्यमापन करायचे असते, ती पडल्यावर चिंतन करण्यात काय हशील?

लेकवुडकर

@साशंक, तुमची उदाहरणे खरी आहेत, पण ती सर्व एकाच टोपलीतली नाहीत. टेलरचे हुकले ते मैदानाबाहेर, सांचेझचे खांद्यात. खांदा आणि कोपर यांत फरक करायलाच हवा. खांद्याच्या शस्त्रक्रियेतून पूर्वीसारखा परतलेला पिचर विरळा. कोपराचा अस्थिबंध बदलण्याची शस्त्रक्रिया मात्र १९७४ मध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉनवर पहिल्यांदा केली तेव्हापासून इतकी रुळली आहे की आज मेजर लीगमधल्या पिचरांचा मोठा हिस्सा तिच्यातून गेलेला आहे. तिच्यातून परतताना वेग आधी येतो आणि चेंडू जागेवर टाकण्याची हातोटी सर्वांत शेवटी येते, असा सार्वत्रिक अनुभव आहे.

फिलीजच्या घरातलेच उदाहरण घ्या. झॅक व्हीलरवर मार्च २०१५ मध्ये हीच शस्त्रक्रिया झाली, तेव्हा तो न्यूयॉर्क मेट्सकडे होता. २०१५ आणि २०१६ असे दोन हंगाम गेले. २०१७ मध्ये परतला तेव्हा त्याचा ई.आर.ए. ५.२१ होता. पुढच्याच वर्षी तो ३.३१ झाला, आणि २०१९ च्या डिसेंबरात फिलीजने त्याच्याशी पाच वर्षांचा, ११ कोटी ८० लाख डॉलरचा करार केला, जो मोठ्या पिचरांच्या करारांत सर्वांत सत्कारणी लागलेल्यांपैकी एक मानला जातो. दोन वर्षांची रजा, पहिल्याच पुनरागमनात पाचच्या वरचा आकडा: साम्य नजरेत भरणारे आहे.

त्याहून जवळचे उदाहरण मिक एबलचे. तोही फिलीजचा, २०२० च्या ड्राफ्टमधला पंधरावा, तोही शाळेतून आलेला उजव्या हाताचा उंच पिचर. २०२४ मध्ये याच लीहाय व्हॅलीत त्याचा ई.आर.ए. ६.४६ होता आणि वॉक इतके की सामना पाहवत नसे. २०२५ च्या मे महिन्यात त्याने मेजर लीगमधल्या पहिल्याच सामन्यात सहा इनिंगमध्ये एकही धाव न देता नऊ स्ट्राइकआउट घेतले, आणि जुलैअखेर मिनेसोटाने योहान दुरानसारखा क्लोजर (शेवटची इनिंग टाकणारा पिचर) देताना त्याला मागून घेतले. पडलेली किंमत वर्षभरात वर येते, ती अशी.

आकडेमोड

व्हीलरचे उदाहरण देताना एक गोष्ट सुटते. शस्त्रक्रियेपूर्वी त्याने मेजर लीगमध्ये दोन हंगाम काढले होते, म्हणजे परतायचे कुठे, हे त्याच्या शरीराला ठाऊक होते. पेंटरकडे डबल-एमधल्या २८ इनिंगच्या पलीकडे असा पाया नाही. शिवाय जे परतले त्यांचीच नावे आपल्या तोंडी असतात. जे नाही परतले, त्यांची यादी कोणी पाठ करत नाही.

एबलची तुलना मला अधिक पटते, पण उलट कारणासाठी. एबलचा दोष स्ट्राइक न टाकण्याचा होता, पेंटरचा दोष मारता येण्याजोगा स्ट्राइक टाकण्याचा आहे. पहिला दोष अंगाच्या हालचाली सुधारून जाऊ शकतो. लांब हातापायांच्या पिचरला तीच हालचाल शंभर वेळा जशीच्या तशी करायला वेळ लागतो. सहा फूट दहा इंचांच्या रँडी जॉन्सनने १९९० ते १९९२ सलग तीन वर्षे अमेरिकन लीगमध्ये सर्वाधिक वॉक दिले होते आणि तिशी गाठताना त्याला सूर सापडला, पुढे पाच साय यंग जिंकले. दुसऱ्या दोषासाठी मात्र चेंडूचा आकारच बदलावा लागतो, म्हणजे हाताचा कोन तरी पूर्वीच्या जागी आणावा लागतो किंवा खाली बुडणारा दुसरा फास्टबॉल शिकवून पहिल्यावरचा भार हलका करावा लागतो.

डावखुरा

विषयाला धरूनच एक भारतीय संदर्भ देतो. २००८ मध्ये भारतात झालेल्या 'मिलियन डॉलर आर्म' स्पर्धेतून भालाफेकीची पार्श्वभूमी असलेले रिंकू सिंह आणि दिनेश पटेल निवडले गेले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. ती संपूर्ण निवड वेगमापक बंदुकीच्या आकड्यावर आणि झोनमध्ये पडलेल्या चेंडूंवर झाली होती. पटेल २०१० च्या अखेरीस मोकळा झाला. डावखुरा रिंकू मात्र २०११ पर्यंत वेस्ट व्हर्जिनियाच्या ए स्तरावरच्या संघात पोहोचला, आणि ज्याने आयुष्यात पूर्वी बेसबॉलचा ग्लोव्ह घातला नव्हता त्याच्यासाठी ही कमाई मोठी होती. नंतर त्याच्याही कोपराने घात केला. सांगायचा मुद्दा असा की दंडात किती जोर आहे, हे एका दुपारी मोजता येते, पण तोच चेंडू सहाव्या इनिंगमध्ये, तिसऱ्यांदा समोर आलेल्या त्याच फलंदाजाला कसा टाकायचा, हे मोजायला हंगाम जावे लागतात. पेंटरबाबत जुलैची भाषा करणाऱ्यांनी अ‍ॅरिझोनातल्या दोन-तीन इनिंगच्या छोट्या डावांवरून हा निष्कर्ष काढला, तिथेच घाई झाली.

नवा प्रेक्षक

माझा प्रश्न कदाचित बाळबोध असेल. वेग आहे, एक चांगला स्लायडर आहे, तर त्याला एकेका इनिंगसाठी राखीव पिचर म्हणून लगेच का वापरत नाहीत? आणि आणखी एक वर्ष खाली ठेवायचे ठरवले तर दुसरा संघ त्याला उचलू शकतो का?

लेकवुडकर

@नवा प्रेक्षक, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे. अठराव्या वर्षी करारबद्ध झालेल्या खेळाडूला पाच हंगामांनंतर संघाच्या ४० जणांच्या मुख्य यादीत घेतले नाही, तर 'रूल ५' ड्राफ्टमध्ये इतर संघ त्याच्यावर हक्क सांगू शकतात. पेंटरच्या बाबतीत ती मुदत नोव्हेंबर २०२५ ची, आणि त्याला मोकळा सोडण्याइतका बेसावध संघ सापडणार नाही. यादीत घेतल्यावरही साधारणपणे तीन हंगाम त्याला खाली-वर पाठवता येते, त्यामुळे संघाच्या हाती वेळ आहे.

पहिला प्रश्न अधिक महत्त्वाचा. राखीव पिचर लवकर तयार होतो. फिलीजचाच ओरायन करकरिंग २०२३ मध्ये खालच्या ए स्तरापासून निघून त्याच सप्टेंबरात मेजर लीगमध्ये पोहोचला, आणि तो मुख्यतः एका स्लायडरच्या बळावर. पण चार प्रकारचे चेंडू टाकणाऱ्या बावीस वर्षांच्या पिचरला एका इनिंगपुरते बांधले की त्याचा कर्व्हबॉल आणि चेंजअप गंजतात, आणि सलग दिवस हात तापवण्याचा ताण नव्या अस्थिबंधावर येतो तो वेगळाच. व्हीलरच्या दंडातल्या रक्ताच्या गुठळीनंतर २०२५ च्या सप्टेंबरात शस्त्रक्रिया झाली आहे आणि रेंजर स्वारेझचा करार संपला आहे, म्हणजे २०२६ च्या आरंभी सुरुवातीच्या पिचरांतच जागा रिकाम्या आहेत. ही संधी सोडून त्याला बुलपेनमध्ये, म्हणजे राखीव पिचरांत, पाठवणे मला उधळपट्टी वाटते.

साशंक

जागा रिकामी आहे म्हणून तो तयार आहे, असे होत नाही. तरीही समजा संघाने त्याला वसंत शिबिरात संधी दिली, तर तुम्ही दोघे नेमके काय पाहणार? 'पुढे पाहू' हे उत्तर मला नको आहे.

आकडेमोड

वसंत शिबिरातला ई.आर.ए. मी पाहणारच नाही, कारण तिथे अर्धे फलंदाज मायनरचे असतात आणि पिचर नवे चेंडू घासून पाहत असतात. मी पाहीन ते झोनच्या वरच्या तिसऱ्या भागात टाकलेल्या फास्टबॉलवर किती फलंदाज हुकतात, हे. ते प्रमाण वाढलेले दिसले तर आकार परत आला, असे समजेन आणि माझे ४० मागे घेऊन ५० करीन. दुसरे म्हणजे डावखुऱ्या फलंदाजांविरुद्ध तो काय टाकतो. उजव्यांना स्लायडर पुरतो, डावखुऱ्यांना चेंजअप लागतोच, आणि दोन चेंडू विरोधात गेल्यावरही तो चेंजअप टाकण्याची हिंमत करतो का, हे पाहीन.

लेकवुडकर

त्यात एक भर घालतो. चौथ्या इनिंगनंतर हाताचा कोन खाली येतो का, हे मी पाहीन. दोन वर्षे बाहेर राहिल्यानंतर शंभराहून अधिक इनिंगचा भार २०२५ मध्ये पडला, त्यामुळे हंगामाच्या उत्तरार्धातल्या घसरगुंडीत थकव्याचा वाटा किती आणि सवयीचा किती, हे विश्रांतीनंतरच वेगळे करता येईल. विश्रांती घेऊन आल्यावर पहिल्याच महिन्यात चौथ्या इनिंगला कोन ढळत असेल, तर ती सवय समजेन आणि त्याला जूनपर्यंत अ‍ॅलनटाउनमध्येच ठेवावे, असे इथेच लिहीन. ढळत नसेल, तर पाचवा पिचर म्हणून मेजर लीगमध्ये घ्यावे, सुरुवातीला पाच इनिंगच्या पुढे नेऊ नये, आणि पहिले दोन-तीन सामने मार खाल्ला तरी परत पाठवू नये. साशंक यांना विकायचेच असेल, तर त्यांनी मे महिन्यापर्यंत थांबावे. आज मिळणारी किंमत ५.४० पाहून लावलेली असेल.